वाचक विचारतात : बर्फाच्या प्रदेशातील माणूस आणि त्याच्या कथा

गोठलेल्या निसर्गाशी झुंजणाऱ्या माणसाचे साहित्यातील चित्रण या विषयावर वाचकांकडून पुष्कळ प्रश्न आले आहेत. बहुतेकांचा रोख जॅक लंडन या अमेरिकन लेखकाच्या 'टु बिल्ड अ फायर' या कथेवर आहे. एका आशयाचे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : 'टु बिल्ड अ फायर' ही कथा मी दोन संग्रहांत वाचली. एका ठिकाणी नायकाला नाव आहे आणि तो जिवंत परततो. दुसऱ्या ठिकाणी त्याला नाव नाही आणि तो गोठून मरतो. मूळ कथा कोणती आणि हा बदल कोणी केला? (साहित्याची विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : दोन्ही कथा लंडनच्याच आहेत आणि बदलही त्यानेच केला आहे, तेव्हा एक अस्सल आणि दुसरी कुणीतरी फिरवलेली, असा प्रकार नाही. पहिली कथा १९०२ मध्ये 'द यूथ्स कम्पॅनियन' या प्रामुख्याने किशोरवयीन वाचकांसाठी निघणाऱ्या नियतकालिकात आली. तिच्यातील टॉम व्हिन्सेंट हा धडधाकट तरुण एकटाच वाटेला लागतो, पाण्यात त्याचे पाय भिजतात, मोठ्या यातायातीने तो आग पेटवतो आणि हिमदंशाच्या खुणा अंगावर घेऊन का होईना, मुक्कामाला पोहोचतो. त्या मुलुखात सोबतीशिवाय प्रवास करू नये, हा धडा लेखकाने आरंभीच सांगून टाकलेला आहे. दुसरी कथा १९०८ मध्ये 'द सेंच्युरी' मासिकात प्रौढ वाचकांसाठी प्रसिद्ध झाली आणि आज जगभर वाचली जाते ती हीच.

दोहोंत सहा वर्षांचे अंतर आहे आणि त्या काळात लंडनने तीन गोष्टी बदलल्या : माणसाचे नाव काढले, त्याच्यासोबत एक कुत्रा दिला आणि शेवटी त्याला मारले. माझ्या मते यांतील कुत्र्याचा बदल सर्वांत महत्त्वाचा आहे. ही थंडी प्रवासाची नव्हे, हे कुत्र्याला उपजतच कळते आणि तो नाइलाजाने मागे चालत राहतो. माणसाला तापमानाचा आकडा ठाऊक असतो, परंतु त्या आकड्यापुढे त्याचे मन जात नाही. इतकी थंडी म्हणजे कान झाकावेत, हातमोजे घालावेत, एवढाच अर्थ तो काढतो; उष्णतेच्या एका अरुंद पट्ट्यातच माणूस जगू शकतो आणि आपण त्या पट्ट्याच्या बाहेर उभे आहोत, हा विचार त्याला शिवत नाही. त्याच्यात कल्पनाशक्ती नव्हती, असे लंडन स्पष्टपणे लिहितो. सल्फर क्रीकवरच्या एका जुन्या जाणत्याने त्याला बजावलेले असते की फॅरनहाइटच्या उणे ५० अंशांखाली कुणीही एकट्याने निघू नये. त्या म्हाताऱ्याचे बोलणे त्याला बायकी वाटते. अखेरच्या गुंगीत तो म्हाताऱ्याला उद्देशून तुझेच खरे होते असे पुटपुटतो, आणि काही वेळाने कुत्रा मृत्यूचा वास ओळखून छावणीच्या दिशेने, म्हणजे अन्न आणि आग देणाऱ्या दुसऱ्या माणसांकडे निघून जातो.

हे सारे कोठून आले, हेही सांगायला हवे. १८९६ च्या ऑगस्टमध्ये कॅनडाच्या यूकॉन प्रदेशात, क्लोंडाइक नदीच्या एका ओढ्यात सोने सापडले आणि पुढच्या वर्षी हजारो माणसे तिकडे धावली. लंडन त्यांपैकी एक होता; तेव्हा तो २१ वर्षांचा होता. वर्षभर पुरेल इतका शिधा बरोबर असल्याशिवाय कॅनडाचे पोलीस सरहद्द ओलांडू देत नसत, त्यामुळे हे सामान चिलकूट खिंडीतून पाठीवर, अनेक फेऱ्या करून वाहून न्यावे लागे. १८९७-९८ चा हिवाळा त्याने हेंडरसन क्रीकच्या परिसरात लाकडी खोपट्यात काढला, ताज्या अन्नाअभावी त्याला स्कर्व्ही जडला आणि १८९८ मध्ये तो जवळजवळ रिकाम्या हातांनी परतला. कथेतला माणूस ज्या छावणीकडे चाललेला असतो ती याच हेंडरसन क्रीकवर आहे.

प्रश्न : या कथेच्या अनुवादात उणे ७५ अंश तापमान दिले आहे. माणसे वावरतात तिथे इतकी थंडी पडते का? आणि नुसते पाय भिजल्याने धडधाकट माणूस मरतो, मरताना त्याला सुख वाटते, हे शास्त्राला धरून आहे का? (निवृत्त विज्ञानशिक्षक, नाशिक)

उत्तर : तो आकडा फॅरनहाइटचा आहे, आणि अनुवादकाने तसे म्हटले नसेल तर वाचकाची फसगत होणारच. सेल्सिअसमध्ये ते सुमारे उणे ५९ अंश होतात. यूकॉनमधील स्नॅग या ठिकाणी ३ फेब्रुवारी १९४७ रोजी उणे ६३ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झालेली आहे, म्हणजे लंडनने अतिशयोक्ती केली असे म्हणता येत नाही. फॅरनहाइटमध्ये पाणी ३२ अंशांवर गोठते, म्हणून कथेत '१०७ अंश गारठा' असाही हिशेब येतो. ती छापण्यातली चूक नाही. उणे ४० वर मात्र दोन्ही मोजमापे जुळतात.

पाय भिजण्याबद्दल. इतक्या थंडीत ओढा तळापर्यंत गोठलेला असतो, तरी डोंगरातून पाझरणारे झरे चालू राहतात आणि त्यांचे पाणी बर्फाच्या पातळ पापुद्र्याखाली, वरच्या भुसभुशीत हिमाने झाकलेले, साचून राहते. लंडनने हा सापळा बारकाईने वर्णिला आहे. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने शरीराची उष्णता ओढून घेते, आणि उणे ५९ अंशांत भिजलेले पादत्राण काही मिनिटांत टणक होते. मग शरीर आपला गाभा, म्हणजे हृदय आणि मेंदू, वाचवण्यासाठी हातापायांचा रक्तपुरवठा आखडते. जी बोटे आग पेटवून जीव वाचवणार, तीच सर्वांत आधी निकामी होतात. कथेचा सारा ताण या एका शारीरिक सत्यावर उभा आहे. पहिली आग पेटते, परंतु ती स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाखाली रचलेली असते. माणूस त्याच झाडाच्या काटक्या ओढत राहतो, प्रत्येक हिसक्याने फांद्या हलतात आणि अखेर वरचा बर्फ कोसळून आग विझते. दुसऱ्या खेपेस बोटांत काडी धरता येत नाही, तेव्हा तो तळहातांच्या कडांत धरून सत्तरच्या सत्तर काड्या एकदम ओढतो आणि स्वतःच्या मांसाचा जळका वास येईपर्यंत धरून ठेवतो.

शेवटच्या सुखाबद्दलही लंडनचे निरीक्षण बरोबर आहे. शरीराच्या आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरले की जोराची हुडहुडी भरलेली असते. ते आणखी घसरून ३२ च्या आसपास आले की हुडहुडी थांबू लागते, विचार विस्कळीत होतो, झोप अनावर होते. या अवस्थेत काही जणांना उकडल्यासारखे वाटून ते अंगावरचे कपडे काढू लागतात, असेही अनेक घटनांत आढळलेले आहे. तेव्हा कथेतल्या माणसाला लागलेली गाढ, सुखद झोप ही लेखकाने दाखवलेली दया समजू नये.

प्रश्न : अशा साहित्यात निसर्ग नेहमी शत्रू म्हणूनच येतो का? (कोल्हापूर येथील वाचक)

उत्तर : चांगल्या साहित्यात फार क्वचित. शत्रूला निदान आपण दिसत असतो. या कथांतल्या थंडीला माणूस दिसतही नाही. म्हणून तिच्याशी झुंज देण्याच्या वर्णनापेक्षा तिच्या समोर माणूस स्वतःशी कोणता हिशेब मांडतो, याचे वर्णन अधिक महत्त्वाचे ठरते. याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे टॉलस्टॉयची १८९५ मधली दीर्घकथा. मराठीत तिला 'मालक आणि नोकर' म्हणता येईल.

वासिली आंद्रेइच ब्रेखुनोव हा खेड्यातला व्यापारी आहे. शेजारच्या जमीनदाराचे जंगल स्वस्तात पदरात पाडून घ्यायचे आणि शहरातले व्यापारी येण्याआधी सौदा पुरा करायचा, या घाईने तो हिमवादळाची चिन्हे दिसत असूनही घसरगाडी जुंपायला लावतो. बरोबर निकिता नावाचा गडी. मालकाच्या अंगावर एकावर एक दोन उबदार कोट आहेत, निकिताच्या अंगावरचे कपडे फाटके आहेत. ते वाट चुकतात आणि ग्रिश्किनो या गावी लागतात. पुन्हा निघतात, पुन्हा चुकतात आणि पुन्हा त्याच गावात येऊन पोहोचतात. दुसऱ्या खेपेस एका सधन शेतकऱ्याच्या घरी त्यांना चहा मिळतो, रात्री राहण्याचा आग्रह होतो. निकिता गारठलेला आहे, घोडा दमलेला आहे. पण मालकाला जंगल हवे असते. या ठिकाणी वाचकाचा जीव खरोखर खालीवर होतो, कारण दार उघडे आहे, शेगडी धगधगते आहे, आणि तरीही माणूस उठून बाहेर पडतो. निसर्गाने त्याला दोनदा वस्तीत आणून सोडले होते, असेच म्हणावे लागेल.

पुढे रात्री उघड्यावर अडकल्यावर वासिली गड्याला टाकून घोड्यावर बसून पळतो. काळोखात हलणारे काहीतरी दिसते, गाव आले असे त्याला वाटते. जवळ गेल्यावर ती बांधावर वाऱ्याने झोडपली जाणारी रानदवण्याची उंच काडी निघते. काही वेळाने तो पुन्हा तिथेच येतो, म्हणजे घोडा गोल फिरलेला असतो. मरणाची भीती शब्दांत आणण्यासाठी टॉलस्टॉयला त्या एका झुडपापलीकडे काहीही लागलेले नाही. शेवटी तो घसरगाडीपाशी परततो. निकिता गोठत चाललेला आहे. वासिली क्षणभर स्तब्ध उभा राहतो आणि मग सौदा पक्का करताना दाखवतो त्याच तडफेने निकिताच्या अंगावरचा बर्फ खरवडतो, आपला कोट उघडतो आणि त्याच्यावर पालथा पडतो. सकाळी मालक गोठून मेलेला आढळतो, घोडाही मेलेला असतो, आणि निकिता जगतो. त्याची पायाची तीन बोटे झडतात, परंतु त्यानंतर तो आणखी वीस वर्षे काढतो.

उत्तरायुष्यातला टॉलस्टॉय उपदेशक झाला, अशी तक्रार पुष्कळदा केली जाते आणि ती निराधार नाही. या कथेत मात्र वासिलीचा स्वभाव पालटत नाही, केवळ त्याची तडफ दुसरीकडे वळते, आणि म्हणून ती पटते. लंडनच्या माणसाला ऊब देण्यासाठी जवळ फक्त एक कुत्रा होता. त्याला मारून त्याच्या उबेत हात घालण्याचा विचार तो करतो, पण बधिर हातांनी सुरी धरता येत नाही. दोन्ही कथा लागोपाठ वाचाव्यात.

प्रश्न : हे सगळे लेखक बाहेरून गेलेले किंवा त्या थंडीत कायम न राहणारे. जे लोक पिढ्यान्‌पिढ्या त्या प्रदेशात राहतात त्यांच्या साहित्यात हा विषय कसा येतो? (शिक्षिका, गडचिरोली)

उत्तर : आपला प्रश्न या सर्व पत्रांत मला सर्वांत मोलाचा वाटला, कारण गोठलेल्या प्रदेशांबद्दलचे प्रसिद्ध साहित्य वाचताना तिथे मुळात कुणी राहतच नव्हते अशी समजूत सहज होते.

एका जोडीपासून सुरुवात करू. लंडनची 'द लॉ ऑफ लाइफ' ही कथा १९०१ मधली. दुष्काळी हिवाळ्यात मुक्काम हलवणारी एक टोळी कोस्कूश या आंधळ्या म्हाताऱ्याला बर्फात मागे ठेवते. शेजारी सरपणाचा लहानसा ढीग असतो, तो संपला की तोही संपणार. म्हातारा एकेक काटकी आगीत सरकवत जुन्या आठवणी काढतो, लांडग्यांनी घेरलेला एक म्हातारा मूस (उत्तरेकडचे अवाढव्य हरीण) त्याला आठवतो, आणि लांडगे जवळ येतात तेव्हा हाच जगण्याचा नियम, असे म्हणून तो मान गुडघ्यांवर टेकतो. कथा सुरेख आहे. अनेक वर्षे तिच्यावर कुणाला शंका घ्यावीशी वाटली नाही.

मग १९९३ मध्ये वेल्मा वॉलिस या ग्विचिन आदिवासी समाजातील लेखिकेचे 'टू ओल्ड विमेन' हे छोटेसे पुस्तक आले. वॉलिस अलास्कातील फोर्ट यूकॉनच्या, म्हणजे त्याच यूकॉन नदीच्या काठच्या. आईकडून ऐकलेली परंपरागत गोष्ट त्यांनी लिहून काढली. आरंभ अगदी तोच : उपासमारीचा हिवाळा, टोळीचा मुक्काम हलतो, आणि सुमारे ८० व ७५ वर्षांच्या दोन म्हाताऱ्यांना मागे ठेवले जाते. परंतु या दोघी मान टेकत नाहीत. मरायचेच असेल तर हातपाय हलवत मरू, असे त्या ठरवतात, आणि पुढचे बहुतेक पुस्तक हे कामांचे वर्णन आहे : कुऱ्हाड फेकून मारलेली खार, सशांसाठी लावलेले फास, निखारे जपून एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामावर नेणे, पूर्वी मासे भरपूर मिळत ती जागा आठवून तिकडे चालत जाणे, कातडी कमावणे, अन्न वाळवून साठवणे. आजवर काठी टेकत, कुरकुरत टोळीच्या जिवावर जगणाऱ्या या बायकांना आपल्याला किती येत होते हे कामाला लागल्यावर आठवते. वर्षभराने टोळी परत येते तेव्हा उपाशी टोळीच असते आणि साठा म्हाताऱ्यांकडे असतो.

प्रदेश तोच, थंडी तीच, म्हाताऱ्यांना मागे ठेवण्याचा प्रसंगही तोच. लंडनला त्यात अटळ नियम दिसला, आणि तिथल्या आईने मुलीला सांगितलेल्या गोष्टीत तो नियम मोडून दाखवला आहे. लंडनने एकच हिवाळा पाहिला होता, एवढे म्हणून मी थांबतो. वॉलिस यांची भाषा साधी, कुठे कुठे भाबडी आहे, त्यांना लंडनसारखे वाक्य घडवता येत नाही. हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

इनुइट, म्हणजे उत्तर ध्रुवीय प्रदेशातील मूळ रहिवासी, यांच्या बाबतीत सर्वांत मोठे काम क्नुड रासमुसेन या डॅनिश संशोधकाचे. ग्रीनलंडमध्ये वाढल्यामुळे त्याला ती भाषा मातृभाषेसारखी येत असे. १९२१ ते १९२४ या काळातील पाचव्या थुले मोहिमेत त्याने कुत्र्यांच्या गाडीने उत्तर अमेरिकेचा ध्रुवीय किनारा पार केला आणि शेकडो गाणी व कथा लिहून घेतल्या. त्यात औआ नावाच्या इग्लुलिक मांत्रिकाशी झालेले एक संभाषण आहे. तुमच्या इतक्या विधिनिषेधांमागे कारण काय, असे रासमुसेन वारंवार विचारत होता. औआने त्याला बाहेर नेले. सीलच्या श्वासाच्या छिद्रांपाशी दिवसभर थांबून रिकाम्या हातांनी परतणारे शिकारी दाखवले. दिव्यात चरबी नसल्याने गारठलेल्या घरात कुडकुडणारी मुले दाखवली. एक आजारी बाई दाखवली. आणि प्रत्येक ठिकाणी विचारले, हे असे का? रासमुसेनला उत्तर देता आले नाही. तेव्हा औआ म्हणाला की आम्ही श्रद्धा ठेवत नाही, आम्ही भितो. हवेला भितो, उपासमारीला भितो, आजाराला भितो, आणि म्हणून पूर्वजांनी अनुभवातून घालून दिलेले नियम पाळतो. निसर्गावर मात करण्याची भाषा या साऱ्या बोलण्यात एकदाही येत नाही.

प्रश्न : दक्षिण ध्रुवाच्या मोहिमांच्या रोजनिशा साहित्य म्हणून वाचाव्यात का? अमुंडसेन जिंकला, तरी लोक स्कॉटचेच लेखन का वाचतात? (अभियंता, पुणे)

उत्तर : जरूर वाचाव्यात, पण सावधपणे. नॉर्वेचा रोआल्ड अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी ध्रुवावर पोहोचला आणि ब्रिटनचा रॉबर्ट स्कॉट चार साथीदारांसह १७ जानेवारी १९१२ रोजी. परतीच्या वाटेवर पाचही जण मेले. स्कॉटची शेवटची नोंद २९ मार्चची आहे. अन्नाच्या साठ्याची पुढची जागा तिथून ११ मैलांवर होती. नोव्हेंबरमध्ये तंबू सापडला तेव्हा मृतदेहांबरोबर रोजनिशा, पत्रे आणि सुमारे १६ किलो दगडही मिळाले. हे दगड त्यांनी शेवटपर्यंत ओढत आणले होते. त्यांत ग्लॉसोप्टेरिस या प्राचीन वनस्पतीचे जीवाश्म होते. आपल्याकडे चंद्रपूर-नागपूर भागातील गोंडवन काळाच्या खडकांतही याच वनस्पतीची पाने आढळतात आणि हे भूखंड एकेकाळी जोडलेले होते याचा तो एक पुरावा आहे.

अमुंडसेनने १९०३ ते १९०५ या काळात कॅनडाच्या उत्तर टोकाला नेत्सिलिक इनुइटांजवळ दोन हिवाळे काढले होते. केसाळ कातडीचे सैल कपडे कसे घालावेत, घाम का येऊ देऊ नये, कुत्रे कसे हाकावेत, हे तो त्यांच्याकडून शिकला. त्यामुळे त्याच्या पुस्तकात थंडी ही आधीच उरकून ठेवलेल्या कामासारखी येते आणि वाचक कंटाळतो. स्कॉटच्या रोजनिशीत प्रत्येक दिवशी काहीतरी बिघडते. कॅप्टन ओट्स तंबूतून बाहेर पडला आणि परत आला नाही, ती नोंद करताना तारीख १६ की १७ मार्च हेही स्कॉटला सांगता आलेले नाही. ओट्सचे अखेरचे शब्द आपल्याला फक्त या नोंदीतूनच ठाऊक आहेत, आणि १९१३ मध्ये रोजनिशी छापताना सहकाऱ्यांवरचे काही कठोर शेरे गाळले गेले, ही बाब वाचकाने ध्यानात ठेवावी.

एकच पुस्तक निवडायचे झाले तर मी त्याच मोहिमेतील ॲप्स्ली चेरी-गॅरार्ड याचे १९२२ मधील 'द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड' निवडेन. नावातला प्रवास ध्रुवाचा नाही. १९११ च्या जून-जुलैत, म्हणजे तिथल्या अखंड काळोख्या हिवाळ्यात, तिघे जण एम्परर पेंग्विनची अंडी आणायला केप क्रोझिअरला गेले, त्या पाच आठवड्यांचा तो आहे. तापमान उणे ६० अंश सेल्सिअसपर्यंत उतरले. एका सकाळी तंबूबाहेर येऊन चेरी-गॅरार्डने इकडेतिकडे पाहण्यासाठी मान वर केली, तेवढ्यात घामाने भिजलेले कपडे गोठले आणि पुढचे चार तास त्याला मान वर ठेवूनच गाडी ओढावी लागली. चष्मा लावता येत नसल्याने त्याला नीट दिसतही नव्हते. वादळात तंबू उडाला आणि निव्वळ नशिबाने सापडला. तीन अंडी सुखरूप आली. ती लंडन शहरातील संग्रहालयात द्यायला गेल्यावर कुणी धड विचारपूसही केली नाही, तो प्रसंग त्याने अशा कोरड्या विनोदाने लिहिला आहे की हसावे की चिडावे कळत नाही. पुढे स्कॉट मरणाच्या वाटेवर असताना कुत्र्यांसह त्या साठ्याच्या जागेवर थांबलेला माणूस हाच होता. त्याला पुढे जाण्याची आज्ञा नव्हती. पण ही खंत त्याला जन्मभर सुटली नाही.

दक्षिण ध्रुवाकडे मोहिमा नेणाऱ्या शॅकल्टनबद्दलही अनेकांनी विचारले आहे. 'एन्ड्युरन्स' जहाज बुडूनही त्यावरचे २८ जण जिवंत परतले, हे खरेच अद्भुत आहे. त्याच मोहिमेच्या, अंटार्क्टिका खंडाच्या दुसऱ्या बाजूला साठे मांडणाऱ्या तुकडीतले तिघे मेले, ही गोष्ट मात्र भाषणांतून सहसा सांगितली जात नाही.

प्रश्न : हिमालय आपला असूनही आपल्या प्राचीन साहित्यात बर्फातल्या माणसाची अशी कथा का नाही? (वाचक, ठाणे)

उत्तर : कालिदासाचेच उत्तर पाहा. 'कुमारसंभवा'च्या आरंभी तो म्हणतो की अनंत रत्ने देणाऱ्या या पर्वताच्या वैभवाला हिमाने उणेपणा येत नाही. चंद्राच्या किरणांत त्याचा डाग बुडून जावा तसा हा एक दोष गुणांच्या गर्दीत बुडून जातो. बर्फ हा हिमालयाचा दोष, आणि तोही क्षम्य! उज्जयिनीच्या कवीला एवढे पुरेसे होते.

महाभारतातील महाप्रस्थान मात्र या विषयाच्या फार जवळ येते. पांडव आणि द्रौपदी हिमालय ओलांडून चालत आहेत, मागे एक कुत्रा आहे, आणि वाटेत एकेक जण कोसळतो. परंतु थंडीचे वर्णन तिथे जवळजवळ नाही. भीम प्रत्येकाच्या पतनाचे कारण विचारतो आणि युधिष्ठिर ते त्या व्यक्तीच्या स्वभावात दाखवतो : द्रौपदीचा अर्जुनाकडे असलेला ओढा, सहदेवाचा बुद्धीचा गर्व, नकुलाचा रूपाचा, अर्जुनाची वल्गना, खुद्द भीमाचा खादाडपणा आणि बळाची घमेंड. कोणताही गिर्यारोहक ही कारणमीमांसा मान्य करणार नाही, आणि व्यासांना ती गिर्यारोहकासाठी लिहायची नव्हती. लंडनची कथा वाचून झाल्यावर हे पर्व पुन्हा उघडले तर कुत्र्यापाशी आपण थबकतो. युधिष्ठिर त्याला सोडून स्वर्गातही जायला तयार नाही. मराठी अभ्यासकांनी ही तुलना अजून नेटाने करायला हवी, असे मला वाटते.

प्रश्न : लेनिनने मृत्यूपूर्वी जॅक लंडनची कथा ऐकली होती असे वाचले. हे खरे आहे का? (वाचक, सांगली)

उत्तर : खरे आहे, त्याची पत्नी क्रुप्स्काया हिने आठवणींत तसे लिहिले आहे. लेनिनचा मृत्यू २१ जानेवारी १९२४ चा. त्याच्या दोन दिवस आधी तिने त्याला 'लव्ह ऑफ लाइफ' ही कथा वाचून दाखवली. पाय मुरगळलेल्या एका माणसाला त्याचा साथीदार बिल कॅनडाच्या ओसाड उत्तरेत टाकून जातो. तो माणूस आपल्या ६७ काड्या तीनतीनदा मोजतो, पोटात अन्न नसताना खुरडत चालतो, जड झालेले सोने आधी निम्मे आणि मग सगळे टाकून देतो, आणि त्याच्याइतकाच आजारी एक लांडगा त्याच्या मागोमाग येत राहतो. वाटेत त्याला बिलची हाडे आणि सोन्याची पिशवी सापडते; तो दोहोंना हात लावत नाही. शेवटी तो लांडग्याला दातांनी मारतो आणि एका जहाजावरचे लोक त्याला उचलून नेतात. जहाजावर पोटभर मिळू लागल्यावरही तो खलाशांकडून बिस्किटे मागून घेऊन गादीत लपवत राहतो.

लेनिनला कथा अतिशय आवडली आणि दुसऱ्या दिवशी त्याने लंडनचेच आणखी काही वाचायला सांगितले. या वेळी निघालेली कथा जहाजाच्या मालकाला दिलेल्या शब्दासाठी जीव देणाऱ्या एका कप्तानाची होती. क्रुप्स्काया लिहिते की ती ऐकून तो हसला आणि त्याने हात झटकला.